मोठ्या कॅमची वेळ

भाच्या, आधी तो झटका डोक्यातून काढ. गाडी साडेपाच हजारांवर गेली की आवाज फिरतो, पाठ सीटला चिकटते आणि शेजारी बसलेला दोस्त 'आला रे, व्हीटेक आला' म्हणून ओरडतो. तू आता लॅपटॉप घेऊन गाड्या ट्यून करायला बसलास, म्हणजे दारात येणारं प्रत्येक दुसरं गिऱ्हाईक हाच झटका मागणार. एकाला तो लवकर हवा, दुसऱ्याला जोरात हवा. दोघांनाही चहा पाज आणि गाडी टॉर्क मोजणाऱ्या डायनोवर चढव. झटका जेवढा मोठा, तेवढी वेळ चुकलेली असते. कशी, ते पुढं आकड्यांतच बघ.

होंडानं व्हीटेकची ही करामत गाडीत आणली १९८९ ला, इंटिग्रात. बी१६ए इंजिन, १.६ लिटर, टर्बो नाही काही नाही, आणि ७,६०० आरपीएमला १६० पीएस. लिटरमागं शंभर! तेव्हा हे ऐकून आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातले हेडवाले आधी हसले होते. त्याआधी १९८३ च्या सीबीआर४००एफ मोटरसायकलवर होंडानं याची धाकटी आवृत्ती लावली होती. तिच्यात खालच्या आरपीएमला चारातले दोन व्हॉल्व्ह बंदच राहायचे. गाडीतली कल्पना त्याच्या पुढची. व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीला कॅमवर तीन लोब: बाजूचे दोन छोटे, मधला मोठा. तीन लोबवर तीन रॉकर. खालच्या आरपीएमला मधला रॉकर आपल्या लोबबरोबर नुसताच वरखाली होतो, व्हॉल्व्हशी त्याचा संबंध नसतो. ईसीयूनं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं, सॉलेनॉइडला करंट दिला की ऑईलचं प्रेशर रॉकर शाफ्टमधून आत जातं, रॉकरमधल्या पिना सरकतात आणि तिन्ही रॉकर एकत्र जखडले जातात. आता हुकूम मोठ्या लोबचा. व्हॉल्व्ह जास्त उचलला जातो, जास्त वेळ उघडा राहतो.

जास्त वेळ उघडा राहणं प्रत्येक वेळी फायद्याचं नसतं, आणि सगळी गोम इथंच आहे. इंजिन हळू फिरत असताना इनलेट उशिरा बंद झाला तर वर येणारा पिस्टन आत घेतलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. सिलिंडर अर्धवट भरतो, टॉर्क पडतो. तेच इंजिन सहा-सात हजारांवर असलं की आत येणाऱ्या हवेला इतकी गती असते की पिस्टन वर यायला लागला तरी ती आत घुसतच राहते. तिथं छोटा लोब तिचा गळा आवळतो. म्हणजे अशा प्रत्येक इंजिनात एक आरपीएम असा असतो जिथं छोटा आणि मोठा लोब, म्हणजे आपल्या भाषेत छोटा कॅम आणि मोठा कॅम, सारखाच टॉर्क देतात. तोच तुझा क्रॉसओव्हर. तो तू ठरवायचा नसतो, शोधायचा असतो.

पण लॅपटॉप उघडायच्या आधी बॉनेट उघड. गाडी आली की पहिली डीपस्टिक काढ. ऑईल खालच्या खुणेशी असेल तर पुढं काहीच करू नकोस, कारण ही सगळी यंत्रणा ऑईलच्या प्रेशरवर चालते. लांब वळणावर ऑईल संपच्या एका बाजूला गेलं, पंपानं हवा ओढली, की ऐन मोक्याला पिना सुटतात आणि गिऱ्हाईक म्हणतं तुझा मॅप खराब. मग सॉलेनॉइड खोल. त्याच्या गॅस्केटमध्ये बारीक जाळी असते, ती उजेडासमोर धर. वेळेवर ऑईल न बदललेल्या गाडीत त्या जाळीवर काळा डांबरासारखा थर बसलेला असतो, आणि जुन्या गॅस्केटचे तुकडे अडकलेले सापडतात. जाळी पुसून परत लावायच्या फंदात पडू नकोस, नवी टाक. किंमत किरकोळ असते.

त्यानंतर व्हॉल्व्ह कव्हर काढ आणि एकेक सिलिंडर टॉपवर आणून मधला रॉकर बोटानं दाब. तो बाजूच्या दोघांना न हलवता एकटा हलला पाहिजे. अडकत असेल तर पिना चिकटल्यात, आणि लॅपटॉपवरून पिना सुटत नाहीत. हातासरशी टॅपेटही बघून घे. बी१६ ला इनलेट ०.१५ ते ०.१९ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.१७ ते ०.२१. दुसऱ्या इंजिनाचे आकडे दुसरे, ते त्या त्या मॅन्युअलमधूनच घे, पाठ आहेत म्हणून ठोकून देऊ नकोस. हे माप इंजिन थंड असताना, म्हणजे ३८ अंशांच्या खाली असताना घ्यायचं असतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी इंजिन चालू न करताच तेवढं तापलेलं असतं, म्हणून टॅपेटचं काम सकाळी.

एक खास तंबी. इंजिन लाईट लागली आणि कोड २१ किंवा २२ आला तर पहिला सॉलेनॉइडचा आणि दुसरा ऑईल प्रेशर स्विचचा. काही शहाणे त्या स्विचला बगल देऊन लाईट घालवतात. प्रेशर खरंच आलं का, हे ईसीयूला सांगणारा तो एकच साक्षीदार आहे. त्याचं तोंड बंद केलंस तर ईसीयू मोठ्या कॅमचं पेट्रोल छोट्या कॅमवर ओतत बसेल आणि तुला कळणारही नाही.

आता ट्यूनिंग. यात दोन वेगळे मॅप असतात, छोट्या कॅमचा एक आणि मोठ्याचा एक. इंधनाचेही दोन, इग्निशनचेही दोन. नवी पोरं काय करतात, क्रॉसओव्हरचा आकडा आधी फिरवतात आणि मग मिक्श्चर बघतात. आधी कळस मग पाया! मोठ्या कॅमचा मॅप पाच हजारांवर जरा जास्तच रिच असेल तर तिथला टॉर्क कमी दिसणार, तुला वाटणार मोठा कॅम अजून तयार नाही, आणि तू क्रॉसओव्हर पुढं ढकलणार. दोष पेट्रोलचा, शिक्षा कॅमला. म्हणून क्रॉसओव्हर जिथं येईल असं वाटतं, त्याच्या दोन्ही बाजूंना हजार-हजार आरपीएम दोन्ही मॅप आधी साफ कर. फुल थ्रॉटलला वाईडबँड सेन्सरवर १२.८ ते १३.२ च्या दरम्यान मिक्श्चर आण, इग्निशन नॉकिंगपासून दोन-तीन अंश मागं ठेव. आणि हे सगळं गिऱ्हाईक रोज जे पेट्रोल भरतं त्याच पेट्रोलवर कर. डायनोच्या दिवशी शंभर ऑक्टेनवालं भरून आणायचं आणि दुसऱ्या दिवसापासून साधंच, असं करणारे महाभाग आहेत. त्यांना टाकी रिकामी करायला लाव.

मग दोन रन घे. पहिला, व्हीटेक पूर्ण बंद, गाडी सुरुवातीपासून साडेसहा हजारांपर्यंत छोट्या कॅमवरच. त्याच्या वर न्यायचं कारण नाही, तिथं तो कधीच दमलेला असतो. दुसरा, व्हीटेक साडेतीन हजारांपासूनच चालू, रेडलाईनपर्यंत. दोन्ही एकाच गिअरमध्ये, कूलंटचं तापमान तेच, टायरची हवा तीच, पंखा तिथंच, एसी बंद. थंड गाडीचा पहिला रन मोजायचा नाही. दोन्ही रेषा एकावर एक टाक. एक लक्षात ठेव, दुसऱ्या रनमध्ये खालच्या टोकाला प्रेशर स्विचचा लॉगही बघ. तापलेल्या पातळ ऑईलला तेवढ्या कमी आरपीएमला पिना नीट सरकवायला प्रेशर पुरत नाही. जिथून स्विच ठाम 'आहे' म्हणतो तिथूनच ती रेषा खरी. क्रॉसओव्हर खाली आणायची मर्यादाही तीच.

बी१६ च्या जातीच्या इंजिनाचं समजायला सोपं म्हणून एक उदाहरण घेऊ. ४,५०० ला छोटा १३८ न्यूटन मीटर, मोठा १२७. पाच हजारांवर छोटा १३७, मोठा १३३. ५,३०० ला दोघे १३६. ५,८०० ला छोटा १२९ वर घसरला, मोठा १४२ वर पोचला. आता गिऱ्हाईकाच्या हट्टाखातर क्रॉसओव्हर ५,८०० ला ठेवलास, तर त्या क्षणी टॉर्क एकदम १३ न्यूटन मीटरनं उडी मारतो, म्हणजे दहा टक्क्यांनी. पाठीला तो मस्त धक्का बसतो. पण ५,३०० पासून ५,८०० पर्यंत गाडी रडत आली होती, हे पाठीला कळत नाही. पाठीला फक्त फरक कळतो, टॉर्क कळत नाही. ५,३०० ला ठेवलास तर झटका जवळजवळ गायब, आणि गाडी मात्र पुढं. गिऱ्हाईक नाराज होईल, म्हणेल पहिल्यासारखी 'मारत' नाही. त्याला दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखव. तरी ऐकत नसेल तर पैसे घेऊन त्याला हवं ते दे. गाडी त्याची आहे.

उलट चूक लवकर लावण्याची. ४,५०० ला लावलास तर ११ न्यूटन मीटर तू हातानं फेकून दिलेस. आवाज मात्र लवकर फिरतो, म्हणून पोरांना ती गाडी वेगवान वाटते. कानावर भरवसा ठेवून ट्यूनिंग करणाऱ्यांचे बहुतेक घोटाळे इथंच होतात.

कागदावर क्रॉसओव्हर सापडला तरी काम संपलेलं नसतं. गिअरबॉक्स विचारात घे. बी१६ए२ च्या बॉक्सचे रेशो पहिला ३.२३०, दुसरा २.१०५, तिसरा १.४५८, चौथा १.१०७. आठ हजारांवर गिअर बदलला तर दुसऱ्यात आरपीएम किती पडतो? आठ हजार गुणिले २.१०५ भागिले ३.२३०, म्हणजे सुमारे ५,२१०. तिसऱ्यात सुमारे ५,५४०, चौथ्यात ६,०७०. आता बघ, ५,८०० वाल्या गाडीत पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी दोनदा खड्ड्यात पडते, आणि तेही ड्रॅगच्या ऐन सुरुवातीला. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनला जाणाऱ्या पोरांना हे आवर्जून सांग. तिथं पाव सेकंदाला मोल असतं आणि ते पाव सेकंद लोक सायलेन्सर बदलून शोधत बसतात.

५,३०० च्या गाडीत दुसरा गिअर ५,२१० ला पडतो, म्हणजे क्रॉसओव्हरच्या किंचित खाली. इथं हिस्टेरेसिस कामाला येतो. चालू होण्याचा आकडा ५,३०० ठेव आणि बंद होण्याचा ५,१००. मग ५,२१० ला आलेली गाडी मोठ्या कॅमवरच राहते, आणि तिथं दोन्ही कॅममध्ये तसाही एक-दोन न्यूटन मीटरचाच फरक. दोन्ही आकडे एकच ठेवलेस तर कमी थ्रॉटलवर, चढावर, आरपीएम त्या आकड्याच्या आसपास हेलकावे खात असताना सॉलेनॉइड सारखा चालू-बंद होत राहतो. पिना प्रत्येक वेळी ठोके खातात. दीडशे-दोनशेचं अंतर पुरे. पाचशेचं ठेवू नकोस, नाहीतर थ्रॉटल सोडल्यावरही गाडी मोठ्या कॅमवर लोंबकळत राहील.

आता आपल्या भागाचा एक मुद्दा, जो बाहेरच्या मॅपवाल्यांना सुचत नाही. बऱ्याच ईसीयूमध्ये आरपीएमबरोबर लोडचीही अट घालता येते. मॅनिफोल्डचं प्रेशर अमुक किलोपास्कलच्या वर असेल तरच व्हीटेक. कल्पना चांगली आहे. अर्ध्या थ्रॉटलवर मोठा कॅम नुसतं पेट्रोल पितो, तिथं तो न आलेलाच बरा. पण ही अट किती ठेवायची? पणजीत समुद्रसपाटीला फुल थ्रॉटलला जवळजवळ १०१ किलोपास्कल मिळतात. तिथं कुणी ९५ ची अट घातली तर गाडी मजेत चालेल. तीच गाडी कोल्हापुरात आली की आपण सुमारे ५७० मीटर उंचीवर, हवेचा दाब ९५ च्या आतबाहेर. आज व्हीटेक लागेल, उद्या पावसाळी हवेत लागणार नाही. आणि महाबळेश्वरला, १,३५० मीटरवर, दाब ८६ च्या आसपास. तिथं पेडल तळाला लावलं तरी ९५ कधी येणारच नाही, आणि गाडी अख्खा पसरणीचा घाट छोट्या कॅमवर ओरडत चढेल. गिऱ्हाईक तुला फोन करून म्हणेल व्हीटेक मेला. म्हणून लोडची अट ७० च्या वर नेऊ नकोस. ईसीयूला थ्रॉटलच्या कोनावर अट घालता येत असेल तर आणखी उत्तम, कोनाला उंची कळत नाही.

तापमानाची अट मात्र काढायची नाही. थंड इंजिनावर, म्हणजे कूलंट साधारण ६० अंशांच्या वर गेल्याशिवाय, कंपनीचा ईसीयू व्हीटेक लावत नाही. काहींना ते 'बंधन' वाटतं आणि ते शून्य करतात. ऑईल तर कूलंटच्याही मागून तापतं. थंडीत घट्ट ऑईलवर पिना कशा सरकतात ते बघायचं असेल तर स्वतःच्या गाडीवर बघ.

आपल्याकडच्या जुन्या सिटीवाल्यांचं थोडं वेगळं सांगतो. २००० च्या आगेमागे आलेली दीड लिटरची सिटी व्हीटेक, १०६ अश्वशक्तीची, आजही लोकांनी जिवापाड सांभाळलीय, आणि सांभाळण्यासारखीच आहे. पण ती सिंगल कॅम. लोब बदलतात ते फक्त इनलेटचे, एक्झॉस्टचे नाहीत. दोन्ही रेषांमधला फरक बी१६ इतका मोठा नसतो. तिथं क्रॉसओव्हर पाचशेनं इकडंतिकडं केला तर कागदावर रेघ हलते, रस्त्यावर फारसं काही हलत नाही. अशा गिऱ्हाईकाला आधी टॅपेट, प्लग, इंजेक्टर क्लिनिंग आणि चांगलं ऑईल सांग. त्यानं हेडर, इनटेक बदलला असेल तरच रेषा नव्यानं काढण्यात अर्थ आहे, कारण हवेची वाट बदलली की क्रॉसओव्हरही जागा बदलतो. कॅम, हेडर, थ्रॉटल बॉडी, यातलं काहीही बदललं की जुना आकडा रद्द समज.

स्विफ्टसारख्या गाड्यांतल्या व्हीव्हीटीला झटका नसतोच. तिथं लोब बदलत नाही, अख्खा कॅम काही अंश पुढं-मागं फिरतो, आणि तोही सतत, आरपीएम आणि लोड बघून. कुणी येऊन म्हणेल याला व्हीटेकसारखं मार, तर हात जोड. टाईप आरच्या के२० मध्ये दोन्ही आहे, फिरणारा कॅमही आणि बदलणारा लोबही. तसलं इंजिन कधी हाताखाली आलं तर क्रम चुकवू नकोस: आधी फिरण्याचा कोन. शून्य, दहा, वीस, तीस, चाळीस अंशांवर एकेक रन घ्यायचा, सगळ्या रेषा एकत्र टाकायच्या आणि प्रत्येक आरपीएमला सर्वांत वरची रेषा ज्या कोनाची, तो कोन टेबलात भरायचा. हे छोट्या आणि मोठ्या, दोन्ही कॅमसाठी वेगवेगळं. त्यानंतरच दोघांची गाठ कुठं पडते ते शोधायचं, कारण कोन हलला की ती गाठही हलते. आफ्टरमार्केट कॅम असतील तर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मोजल्याशिवाय मोठा कोन लावायचाच नाही. तिथली चूक कागदावर दिसत नाही, हेड काढल्यावर दिसते.

डायनो नसेल तर? बंद ट्रॅकवर किंवा धावपट्टीवर तिसऱ्या गिअरमध्ये लॉग घे. चार हजारांपासून फुल थ्रॉटल, एकदा व्हीटेक बंद ठेवून, एकदा चालू ठेवून, त्याच दिशेनं, तेवढ्याच पेट्रोलवर. मग लॉगमध्ये दर अडीचशे आरपीएम चढायला किती वेळ लागला ते मांड. ज्या टप्प्यात ज्या कॅमला कमी वेळ लागला, तो टप्पा त्या कॅमचा. डायनोइतकं नेमकं नाही, पण अडीचशे आरपीएमच्या आत नेतं. रात्री कागलच्या बाजूला हायवेवर हे करताना कुणी दिसला तर त्याला गॅरेजात घेऊ नकोस.

गाडी सोडताना मूळ फाईल आणि तुझी फाईल दोन्ही ठेव, आणि बॉनेटच्या आतून एक स्टिकर लाव. त्यावर ऑईलचा ग्रेड, कुठल्या पेट्रोलवर ट्यून केली ते, व्हीटेक चालू आणि बंद होण्याचे दोन्ही आकडे, लोडची अट आणि तारीख. हे लिहिलेलं नसलं की झटका न जाणवल्यानं पुढच्या गॅरेजवाल्याला वाटतं ईसीयू बिघडलाय, आणि तो स्टॉक ईसीयू टाकून मोकळा होतो.